मामांचा झ आणि हिरवा हवालदार

मामांना स्ट्रेचरवरून आत नेत होते तेव्हा दारावर बोर्ड होता, 'अतिदक्षता विभाग'. मी बाजूनं चालत होतो, हातात त्यांच्या चपला. मामांनी डोळे उघडले, वर बघितलं आणि म्हणाले, "जावईबापू, तो क्ष बघा. उपाशी आहे बिचारा. पोटच नाही त्याला." मग दार लागलं. माझ्याशी त्यांचं शेवटचं बोलणं ते. लोकांची माणसं जाताना सांगून जातात, भांडू नका, आईला जपा. आमचे मामा क्षच्या पोटाची काळजी करत गेले.

मामा म्हणजे माझे सासरे. बायको म्हणाली बाबांवर तूच लिही, माझं दोन ओळींपुढे जात नाही, डोळे भरतात. आता मी कसला लिहिणारा. शाळा आणि माझं पहिल्यापासून जमलं नाही. सकाळी टेम्पोतून पाव आणि बिस्किटं दुकानांत टाकतो, दुपारी रिकामा. ती दुपार मी मामांच्या दुकानात काढायचो. म्हणून जसं बोलतो तसं टाईप करतोय, सांभाळून घ्या.

मामा पेंटर. भिंती रंगवणारे नाही, बोर्ड रंगवणारे. तुम्ही आमच्या भागात राहत असाल तर तुमच्या रोजच्या रस्त्यावरची निम्मी अक्षरं त्यांच्या हातची आहेत, तुम्हाला माहीत नसेल एवढंच. त्यांचा ळ लांबून ओळखू येतो, जेवून उठल्यासारखा, समाधानी.

पण मामांची एक गंमत होती. त्यांना अक्षरं दिसायची, मजकूर दिसायचा नाही. एकदा एका बंगल्याच्या फाटकासमोर उभे राहून पाटी बघत बसले. 'कुत्र्यापासून सावध राहा.' फाटक उघडं होतं. कुत्रा आला, पोटरी धरली. घरी आल्यावर मामी म्हणाल्या, "अहो, एवढी मोठी पाटी, वाचली नाहीत?"

"वाचली ना. त्र काय सुंदर काढला होता."

"मग त्रलाच सांगा हळद लावायला."

इंग्रजी तर त्यांना अजिबात येत नव्हतं, आणि इंग्रजी बोर्ड ते सगळ्यात सुबक काढायचे. गिऱ्हाईकानं कागदावर जे लिहून दिलं ते मोठं करून काढायचं. कागद उलटा दिला असता तर बोर्डही उलटा निघाला असता, पण अक्षरं अशी की नाव ठेवायला जागा नाही.

मग त्यांचा हात थरथरायला लागला. आधी थोडा, मग चहाच्या कपातला चहा बशीत यायला लागला. डॉक्टर म्हणाले हे वाढत जाणार. मामांनी त्यावर काही रडगाणं लावलं नाही. एक जुना कॉम्प्युटर आणि रेडियम कापायचं मशीन घेतलं. रेडियम म्हणजे ते चिकटवायचं रंगीत प्लास्टिक. कॉम्प्युटरवर अक्षर ठेवायचं, मशीन ते कापतं, भोवतीचं नको ते आपण नखानं सोलून काढायचं. सोलायचं काम माझं.

पण कॉम्प्युटरमधली तयार अक्षरं मामांना बघवेनात. म्हणाले, "ही इस्त्री केलेली अक्षरं आहेत. माझी मी आणतो." मग सकाळी हात जरा शांत असायचा तेव्हा मनगटाखाली वाळूची पिशवी घ्यायचे, श्वास धरायचे आणि एक अक्षर काढायचे. बिघडलं की फाडायचे. मनासारखं आलं की त्याचा फोटो कॉम्प्युटरात, त्याची कड आखायची, आणि एका अक्षराची एक फाइल. अशी अख्खी बाराखडी केली त्यांनी. शेवटचा ज्ञ झाला तोपर्यंत हात ब्रशचा राहिलाच नव्हता. त्या दिवशी कॉम्प्युटरच्या डब्यावर थोपटून मला म्हणाले, "जावईबापू, माझा हात आता ह्याच्यात आहे. ह्याला जपा." आणि डब्यावर मामींचा जुना टॉवेल पांघरला.

आता हवालदार कसा आला ते सांगतो.

एका दातांच्या डॉक्टरांचा बोर्ड होता. त्यांना कडेनं फुलांची वेल पाहिजे होती. मामा इंटरनेटवर फुकट वेल शोधायला बसले. मी पाव टाकून दुकानात पोचलो तेव्हा वेल आली होती आणि मामा खूश होते. म्हणाले, "बटण काय काढलं होतं सांगू! हिरवं, गोल कोपऱ्याचं, आत पांढरी अक्षरं, दोन्ही बाजूला सारखी जागा सोडलेली. हातच गेला."

"एकच बटण होतं?"

"नाही, एकामागून एक येत होती. सगळी सुरेख होती. सगळी दाबली."

झालं. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर चालू केला तर कोपऱ्यात एक हिरवा शिपाई उभा, छातीवर ढाल. त्यानं शिट्टी वाजवली. खरोखरची शिट्टी, मामी आतून धावत आल्या. मग लाल पाटी आली. माझी बायको एका दवाखान्यात कागदपत्रांचं काम करते, तिला इंग्रजी वाचता येतं. तिला फोन लावला, अक्षर अक्षर सांगितलं. ती म्हणाली, "तो म्हणतोय तुमच्या कॉम्प्युटरात पुष्कळ चोर आहेत. पैसे भरा म्हणजे पकडतो."

मामी म्हणाल्या, "चोर घरात आणि हा आधी पगार मागतोय? हवालदारच आहे मेला." तेव्हापासून त्याचं नाव हवालदार.

हवालदार दर थोड्या वेळानं शिट्टी मारायचा आणि त्याची पाटी सगळ्यांच्या वर यायची. ती आली की कापायचं मशीन मधेच थांबायचं. डॉक्टरांचा 'दातांचा दवाखाना' कापायला घेतला तर 'दातांचा दवा' एवढ्यावर शिट्टी झाली. परत लावला तर 'दातां' वर. डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, "पेंटर, एवढ्या वेळात मी अख्खी कवळी बसवतो." मामा म्हणाले, "बसवा, पण तुमच्या कवळीला शिट्टी नसते."

मग मामांनी त्यांच्या पद्धतीनं इलाज केला. पडद्यावर हवालदाराचं जे छोटं चित्र होतं ते ओढून कचऱ्याच्या डब्यात टाकलं, डबाही रिकामा केला, हात झटकले. "गेला."

मी म्हटलं, "मामा, एवढं सोपं असतं का?"

"बोर्ड उतरवला की दुकान बंद. जन्म गेला माझा ह्यात."

आपण त्यांना काय शिकवणार. दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टी. मामा टॉवेल हातात धरून तसेच उभे. "बोर्ड नाही आणि दुकान चालू!" असा अन्याय त्यांनी उभ्या धंद्यात बघितला नव्हता.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. त्याच दुपारी हवालदारानं दावा साधला. मामांनी एका अक्षराची फाइल उघडली, आत काही नाही. दुसरी उघडली, काही नाही. सगळी बाराखडी गायब. हवालदार कोपऱ्यात हसत उभा, आणि त्याच्या पाटीवर लांबच लांब यादी. बायको तेव्हा तिथेच होती. तिनं वाचलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "बाबा, त्यानं तुमची अक्षरं चोर समजून कोठडीत टाकलीत. सोडवायची तर पैसे भरा म्हणतोय, आणि भरले तरी ह्या असल्यांचा भरवसा नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मामा रंगाच्या डब्यावर बसले. हात मांडीवर, आणि तो आपला हलतोय. माझ्याकडे बघून म्हणाले, "परत नाही काढता येणार हो मला."

तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

मी कॉम्प्युटरचा डबा टॉवेलात गुंडाळला, टेम्पोत पावाच्या ट्रेमध्ये ठेवला आणि आम्ही कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेलो. भला माणूस. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "काका, फॉरमॅट मारू. सगळं पुसून नवं कोरं."

"आणि अक्षरं?"

"अक्षरं जातील. कापायचा प्रोग्रॅमही जुना आहे, त्याची सीडी असेल तर परत टाकू."

सीडी कुठली. मामा म्हणाले, "ढेकूण झाले म्हणून घर जाळतात का?"

तो हसला. मग त्यानं स्टूल ओढलं आणि नीट समजावलं. हा प्रोग्रॅम तुमच्या वेलीबरोबर आला. फुकट वस्तूबरोबर असले चार जण येतात, छोट्या चौकटीत टिक आधीच केलेली असते, ती आपण काढायची असते. आणि नुसतं चित्र पुसून तो जात नाही. कॉम्प्युटरच्या यादीतून काढायचा. मग कॉम्प्युटर सुरू होताना कोण कोण उठतं ते बघायचं, तिथून काढायचा. ठरलेल्या वेळी परत ये असा निरोप त्यानं कुठे ठेवलाय का बघायचं. इंटरनेटचं पहिलं पान त्यानं बदललंय, ते परत करायचं. शेवटी त्याचं उरलेलं सामान टाकायचं. "मी आज कामात बुडालोय, पण घरी बसून कराल तर फोनवर सांगतो. फक्त काढताना तो काहीबाही विचारेल. घाईत बटण दाबू नका."

परत येताना मामा टेम्पोत म्हणाले, "म्हणजे तुमच्यासारखंच झालं."

"काय?"

"मुलीबरोबर तुम्ही फुकट आलात. आमची टिक काढायची राहिली."

मी म्हटलं मामा, उतरवू का इथेच? तर म्हणाले, "नको, डबा कोण उचलेल?" तेवढ्यानं मला बरं वाटलं. मामा टोमणा मारतायत म्हणजे अजून शाबूत आहेत.

मग जरा वेळानं स्वतःशीच बोलायला लागले. "सेलचा बोर्ड रंगवायचा असला की गिऱ्हाईक काय सांगतं? सेल हे एवढं मोठं, लाल. आणि अटी लागू हे खाली कोपऱ्यात, बारीक, पत्र्याच्याच रंगात, वाचू नये असं. मी मुकाट काढून देतो. आणि त्याच बोर्डाला मी फसलो. हिरवं बटण म्हणजे सेल हो. खरं काय ते खाली कोपऱ्यात असणार."

रविवारी दुपारी जेवणं उरकून आम्ही बसलो. कॉम्प्युटरचा उंदीर, म्हणजे माऊस, माझ्या हातात, कारण मामांच्या हातात तो पळायचा. बायको वाचायला. मामा माझ्या खांद्यामागे. मामी दारात भाजी निवडत. दुरुस्तीवाला फोनवर, त्याच्या मागे त्याचं पोर रडतंय.

त्यानं सांगितलं तसा कॉम्प्युटर गरजेपुरताच चालू केला, म्हणजे हवालदार झोपलेला राहतो. यादी उघडली. नाव सापडलं. काढा म्हटलं. लगेच पाटी आली, त्यात शिपायाचा चेहरा पडलेला, डोळ्यात थेंब.

बायकोनं वाचलं, "मला खरंच सोडून जाताय?"

मामी म्हणाल्या, "अगं बाई, रडतोय."

"आई, तू नको बघूस."

खाली मोठं हिरवं बटण. मामा म्हणाले, "हिरव्याकडे बघूच नका. पत्र्याच्या रंगात काय आहे?" पत्र्याच्या रंगात एवढंसं होतं, तरीही काढा. दाबलं. पुढची पाटी, तुमच्यासाठी खास निम्मी किंमत. पत्र्याच्या रंगातलं दाबलं. पुढची पाटी, जाण्याचं कारण सांगा. मामी म्हणाल्या, "लिही, शिट्टीनं माझं दूध उतू गेलं." बायकोनं खरंच लिहिलं. आईनं सांगितलं आणि तिनं केलं नाही असं झालेलं नाही.

मग एक साधी पाटी आली. ना रडणं ना हिरवं. मधे एकच बटण, पुढे. मी म्हटलं सुटलो, आणि बोट उचललं.

"थांबा!"

मामांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात हलतोय, माझा हात हलतोय, पडद्यावरचा बाण हलतोय.

"खाली रंग दाबलाय," मामा म्हणाले. "तिथे अक्षरं आहेत. करड्यावर करडी."

मला तर काही दिसेना. बायकोनं नाक पडद्याला लावलं. होती. एक ओळ, आणि तिच्यापुढे चौकटीत टिक, आधीच केलेली. तिनं मनातल्या मनात वाचली आणि मागे वळून बापाकडे बघितलं.

"काय म्हणतोय?"

"कोठडीतल्या सगळ्या फाइली कायमच्या नष्ट करा."

दारात मामींचा हात भाजीवर थांबला. फोनवरचं पोरही त्याच क्षणी गप्प बसलं, योगायोग असेल.

मामा हळूच म्हणाले, "एक टिक काढायची राहिली होती आयुष्यात." माझ्या डोक्यावर टिचकी मारली. "ही काढा."

काढली. दोनदा बघितली. तिघांनी बघितली. मग दुसरी ओळ आली, फाइली होत्या तिथे परत ठेवू का? हो म्हटलं. मग पुढे दाबलं.

यादीतून हवालदार गेला. मी म्हटलं झालं. मामा म्हणाले, "काय झालं? आता तर घासायचंय." आणि त्यांनी मला ते सांगितलं जे मी त्यांच्याकडून ढीगभर वेळा ऐकलंय. जुन्या बोर्डावर नुसता रंग मारला तर छान दिसतं, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं. मग चार उन्हं लागली की खालचं जुनं नाव वर येतं. हॉटेलच्या पोटातून चपलांचं दुकान बाहेर येतं. पत्रा दिसेपर्यंत घासला तरच नवं टिकतं.

मग घासलं. सुरू होताना उठणाऱ्यांत तो होता, काढला. ठरलेल्या वेळी परत यायचा निरोप होता, तो पुसला. इंटरनेटचं पहिलं पान त्यानं बळकावलं होतं, सोडवलं. एका कोपऱ्यात त्याचं बिऱ्हाड होतं, रिकामं पण कुलूपबंद, ते दुरुस्तीवाल्यानं फोनवर युक्ती सांगून टाकायला लावलं. प्रत्येक वेळी मामा म्हणायचे, "उन्हात ठेवून बघू." म्हणजे कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा आणि सगळ्यांनी श्वास धरून शिट्टीची वाट बघायची. दुसऱ्या दिवशीही शिट्टी झाली नाही. मामी तेवढ्या कुरकुरल्या, "त्याच्या शिट्टीवर मी कपडे वाळत घालायला उठत होते. आता वेळ कळत नाही."

अक्षरं परत आली होती. मामांनी एक एक उघडून बघितली, तुरुंगातून सुटलेली माणसं मोजतात तशी. अ बरा आहे. क बरा आहे. ळचं पोट जागेवर आहे. आणि झ नाही. सगळीकडे शोधलं. दुरुस्तीवाला म्हणाला कधी कधी एखादी फाइल मरते, इलाज नाही.

संध्याकाळी मी गेलो तर वाळूची पिशवी मनगटाखाली आणि आजूबाजूला फाडलेले कागद. समोर एक झ होता. पाठीचा कणा सरळ, पण शेपूट हललेली, आणि डोक्यावरची रेघ पाण्यातल्यासारखी.

बायको म्हणाली, "बाबा, कॉम्प्युटरवर सरळ करता येईल. मी करून देते."

"राहू दे."

"अहो बाबा, बाकीच्यांत वेगळा दिसेल."

"बाकीची माझ्या जुन्या हाताची आहेत. आत्ताच्या हाताचं एक तरी असू दे." आणि मग, जड झालं असं वाटलं असेल, लगेच म्हणाले, "नाहीतरी झ कोणाला लागतो?"

डॉक्टरांचा बोर्ड लागला. त्यात झ नव्हता. नंतर वर्षभर मामा माझ्या शेजारी बसून मी सोललेल्या अक्षरांना नावं ठेवत राहिले, आणि मग एका सकाळी छातीत कळ आली आणि पुढचं तुम्हाला सांगितलंच, चपला आणि क्ष.

दुकान आता मी बघतो, दुपारचं. टॉवेल तोच आहे. इंटरनेटवरून काही घ्यायचं झालं की आधी कोपऱ्यातलं बारीक वाचतो, म्हणजे बायकोला वाचायला लावतो.

गेल्या आठवड्यात एका बाईंनी इस्त्रीचं दुकान काढलं. 'झटपट इस्त्री'. मी कॉम्प्युटरवर झ उघडला आणि बराच वेळ बघत बसलो. सरळ करायचं बटण तिथेच असतं, एकदा दाबलं की काम होतं. इस्त्रीचं दुकान, आणि पहिलंच अक्षर चुरगळलेलं, गिऱ्हाईक बोलणार, हे मला कळत होतं. तसाच कापला. तसाच सोलला. बोर्ड टांगायला मी शिडीवर चढलो आणि बाई रस्त्यापलीकडे जाऊन बघायला लागल्या.

"अहो, तो झ हलतोय का?"

स्क्रू तोंडात होता, तो काढून म्हटलं, "सरळ करून पाहिजे का?"

त्यांनी मान इकडून तिकडे केली. "नको, नको! पळत सुटल्यासारखा दिसतोय. झटपट! मुद्दाम काढलाय ना?"

"हो. मामांनी काढलाय."

"सख्खे मामा?"

"सासरे," म्हटलं. "बायकोबरोबर फुकट आले होते."